रकान्याबाहेरचा माणूस : पर्यावरणाची अनुदाने, पुरस्कार आणि आपली चळवळ

पर्यावरण रक्षणाच्या किंवा शाश्वत विकासाच्या कामाला अनुदान कोठून मिळेल, पुरस्कारासाठी कोणाकडे अर्ज करावा, असे प्रश्न आपल्या चळवळीतले तरुण कार्यकर्ते आणि खेड्यांतले शिक्षक आता मोकळेपणाने विचारू लागले आहेत. मी या प्रश्नाला हिणवणार नाही. ज्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळत उभ्या राहतात, त्या वस्तीसाठी पैशाचा प्रश्न हलका नसतो. पण पत्ते आणि मुदतीच्या तारखा सांगण्याआधी एक काम करणे मला अगत्याचे वाटते. आपण ज्या बारकाईने कविता वाचतो, आत्मकथन वाचतो, त्याच बारकाईने अनुदानाची जाहिरात, प्रस्तावाचा नमुना आणि पुरस्काराचे मानपत्रही वाचले पाहिजे. कारण तेही वाङ्मयच आहे. त्यात नायक असतो, कथानक असते, आणि कोणाला बोलू द्यायचे व कोणाला गप्प ठेवायचे याचा निर्णय आधीच झालेला असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या व्यवस्थेने पैशाचे दोन रकाने पाडले आहेत. एक पर्यावरणाचा आणि दुसरा समाजकल्याणाचा. पहिल्या रकान्यात झाड, माती, पाणी, पशुपक्षी येतात. दुसऱ्यात दलित येतो. पहिल्यात दलित नाही आणि दुसऱ्यात झाड नाही. निसर्गाशी ज्याचा रोजचा, हाडामासाचा संबंध, तो माणूस निसर्गाच्या रकान्याबाहेर ठेवून जे पर्यावरण उभे राहते, ते कितीही हिरवे असले तरी त्याला गावकुसाची भिंत असतेच.

१

आधी कथानक पाहू. महाराष्ट्रात गेल्या चाळीसएक वर्षांत आदर्श गावाची एक ठराविक कथा तयार झाली आहे. गाव दुष्काळी आणि व्यसनी असते. एक निःस्वार्थी माणूस तेथे येतो. तो गावाला जागे करतो. गाव एक होते, श्रमदान करते, पाणी अडवते, डोंगर हिरवा होतो आणि शेवटी पुरस्कार येतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीने या कथेला तिचे रूढ रूप दिले. अण्णा हजारे यांना १९८६ साली इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच १९९२ साली राज्य सरकारने आदर्श गाव योजना सुरू केली आणि एका गावाची कथा साऱ्या महाराष्ट्रासाठी प्रस्तावाचा नमुना बनली.

राळेगणला पाणी आले, हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. माझा प्रश्न कथेबद्दल आहे. या कथेत दलित कोठे येतो? तो कर्जबाजारी म्हणून येतो. गावाने श्रमदान करून दलितांच्या शेतात पीक काढले आणि त्यांचे बँकेचे कर्ज फेडले, हा प्रसंग राळेगणच्या गौरवात हमखास सांगितला जातो. प्रसंग चांगला आहे. पण त्यातले क्रियापद कोणाचे आहे ते पाहा. गाव फेडते, गाव देते, गाव सामावून घेते. दलित घेतो आणि कृतज्ञ राहतो. तो कर्जात का बुडाला, त्याच्या वाट्याला हलकी जमीन का आली, गावाच्या समित्यांत त्याचा शब्द किती चालतो, हे प्रश्न या कथेच्या चौकटीत बसत नाहीत. मुकुल शर्मा यांनी आपल्या इंग्रजी लेखनात राळेगणच्या प्रयोगातील जात आणि अधिकार यांचा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे २०१७ साली त्यांनी जात आणि निसर्ग यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मराठी पर्यावरणलेखनाने मात्र या प्रश्नाची हवी तशी दखल घेतलेली मला दिसत नाही.

या कथेतला कळीचा शब्द ‘गाव’ हा आहे. प्रस्तावात त्याला ‘समुदाय’ म्हणतात. ‘समुदायाचा सहभाग’, ‘समुदायाची मालकी’ असे शब्द प्रत्येक नमुन्यात असतात. ज्यांनी हे नमुने तयार केले, त्यांना गाव म्हणजे एक कुटुंब वाटते. आपल्याला गाव काय आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याबद्दल जे कठोर मत मांडले, ते रागाच्या भरातले नव्हते. त्यामागे अभ्यास आणि अनुभव होता. गाव हा एकजीव समुदाय आहे असे धरून दिलेला प्रत्येक रुपया गावातल्या उतरंडीनेच खाली येतो, आणि खाली येता येता आटतो.

२

आता दुसरा शब्द घेऊ : श्रमदान. आदर्श गावाच्या पंचसूत्रीत नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे आहेत. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगावी हाती झाडू आला. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू होऊन २०१९ पर्यंत चाललेल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत हजारो माणसे उन्हात खपली. पहिल्या वर्षी पहिले बक्षीस पन्नास लाख रुपयांचे होते आणि ते सातारा जिल्ह्यातल्या वेळू गावाला मिळाले. या उत्साहात खोटेपणा होता असे मी म्हणत नाही. पण श्रमाला दान म्हणताना आपण काय म्हणतो आहोत, याचा विचार व्हायला हवा.

पाणलोटाचे काम डोंगरमाथ्यावर सुरू होते आणि त्याचे फळ खाली, विहिरीत आणि शेतात मिळते. ज्याची खाली पाच एकर जमीन आणि विहीर आहे, त्याने वर पाच दिवस चर खणले तर ती त्याची गुंतवणूक असते. पुढच्या हंगामात त्याच्या विहिरीचे पाणी वाढते, दुसरे पीक निघते, जमिनीचा भाव चढतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने त्याच चरावर पाच दिवस घाम गाळला तर त्याची पाच दिवसांची मजुरी बुडते आणि फळ दुसऱ्याच्या शेतात उगवते. एकाच टिकावाच्या घावाचे हे दोन अर्थ आहेत. प्रस्तावात मात्र दोघांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला जातो.

आपल्या समाजाला या शब्दाची आणखी एक आठवण आहे. महारकीच्या वतनात सरकारी डाक वाहणे, गावची हद्द सांगणे, पाटलाच्या दारात हजर राहणे ही सारी कामे बिनमोल होती. तिला वेठ म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्ध; आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांनी वेठ केली, त्यांना ‘गावासाठी फुकट राबा’ हे वाक्य ऐकताना अंगावर काटा येतो, तो प्रगतीला विरोध म्हणून नव्हे. त्यांना तो आवाज ओळखीचा वाटतो.

याच महाराष्ट्राने दुसरा मार्गही दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही पाणलोटाचीच कामे होती. पण तेथे श्रमाला दाम होता आणि काम मागणे हा हक्क होता. त्यातही फळ जमीनवाल्याकडेच अधिक गेले. मस्टरचे घोटाळे झाले. तरीही मजुराला हजेरीपटावर नाव होते. पुरस्काराच्या फलकावर ‘समस्त ग्रामस्थ’ असतात. ‘समस्त ग्रामस्थ’ या दोन शब्दांत किती माणसे गडप झाली, हे मोजायचे कोणी? दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईच्या तोंडून जे गाणे लिहिले, त्यात हाच हिशेब आहे. पर्यावरणाच्या प्रश्नाची ही बाजू मराठी कवितेला कधीच कळली होती; प्रस्तावाच्या नमुन्याला ती अजून कळायची आहे.

‘असे वेगळे वाटप व्यवहारात शक्य नाही’ असे कोणी म्हणेल, तर त्याने पुरंदर तालुक्यातल्या नायगावकडे पाहावे. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात तेथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, उसाला ते द्यायचे नाही आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मानायचा, ही तिची तत्त्वे होती. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्षच्या लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणानेही समान पाणीवाटपाचा आग्रह धरला. भूमिहीनाला पाण्याचा हक्क मिळाला की तो ते पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने वापरू शकतो, सौदा करू शकतो. त्याच्या श्रमाला तेव्हा दान म्हणता येते, कारण देण्याघेण्यात तो बरोबरीचा असतो.

३

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या दोन सूत्रांची झळ कोणाला लागते? ज्याच्या बांधावर स्वतःची झाडे आहेत आणि गोठ्यात कडबा आहे, त्याला ती जाणवतही नाही. जिच्याकडे दोन शेळ्या आणि चुलीपुरते सरपण एवढीच मिळकत, तिचा संसार या दोन शब्दांनी मोडतो. डोंगर राखायचा तर चराईवर मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. पण बंदीच्या काळात शेळीवालीला चारा कोण देणार, डोंगरावर गवत वाढले की त्यात तिचा हिस्सा किती, हे ठरावात लिहिलेले नसेल तर ती बंदी म्हणजे गरिबाच्या जिवावर केलेली बचत होय.

यापेक्षा मोठा प्रश्न गायरानाचा आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानाचे माळ फोडले, दगड वेचले, मातीत बी टाकले. एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाने बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत या कसणाऱ्यांना संघटित केले. १९८२ पासून याच गावजमिनींवर सामाजिक वनीकरणाचे खाते आले. आता एकाच जमिनीच्या तुकड्यावर दोन माणसे उभी राहिली. एकाच्या हातात ज्वारीचे बी, दुसऱ्याच्या हातात रोपाची पिशवी. सरकारी भाषेत पहिला अतिक्रमक ठरला आणि दुसरा वृक्षमित्र.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. बाबासाहेबांच्या जयंतीची ती तारीख होती. सातबाऱ्यावर नाव मात्र सहजासहजी चढले नाही. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्या निकालातच भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवलेला आहे. पण नोटीस काढणाऱ्याला निकालाचा पहिला भाग पाठ असतो, अपवाद वाचायला त्याला वेळ नसतो. गायरानावर वृक्षारोपण करण्यासाठी अनुदान मागणाऱ्या आपल्या संस्थांनी म्हणून आधी विचारावे, की ही जमीन आज कोण कसतो आहे? ज्याला उठवून हे झाड लागणार आहे, तो आपलाच तर नव्हे?

जंगलातही हेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ मान्य केले, पण या दुसऱ्या गटाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. विदर्भातल्या जंगलकाठच्या दलित कुटुंबाने १९३० सालचा कागद कोठून आणायचा? ज्या समाजाच्या नावाची गावदप्तरात धड नोंद नव्हती, त्याच्याकडे पिढ्यांचा पुरावा मागणे ही क्रूर थट्टा आहे.

४

प्रस्थापित पर्यावरणवाद आपल्याला एका ठिकाणी मात्र आनंदाने बोलावतो. ते ठिकाण म्हणजे ‘पारंपरिक ज्ञान’. केकताडाचा दोर वळणारा मांग, बाभळीच्या सालीने कातडे कमावणारा ढोर, बांबूच्या टोपल्या विणणारा बुरूड यांच्या ज्ञानाचा गौरव करणारी अनुदाने आता निघतात. ज्ञान होते, यात शंका नाही. झाडाची साल कोणत्या महिन्यात काढावी, कोणता वाख पाण्यात किती दिवस भिजत घालावा, हे या माणसांना ठाऊक होते. पण हे ज्ञान जातीच्या दावणीला बांधलेले होते आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने मिळत होता. महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला, तो एका ‘पारंपरिक व्यवस्थे’ला दिलेला नकारच होता. गाव स्वच्छ ठेवणारी ती व्यवस्था पर्यावरणाच्या दृष्टीने कितीही सोयीची असली, तरी माणसाच्या दृष्टीने ती हीन होती. म्हणून कोणी आपल्या हाती कॅमेरा रोखून ‘तुमची परंपरा जपा’ म्हणेल, तेव्हा आपण विचारले पाहिजे : ज्ञान आमचे, पण त्याच्यावरची मालकी कोणाची? आणि हे काम सोडण्याचे स्वातंत्र्य आमच्या मुलांना आहे काय?

जैवविविधता कायदा २००२ साली झाला आणि त्याखालच्या २००४ च्या नियमांनी गावच्या जैवविविधता समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सभासद असावेत असे ठरवले होते. आपल्या किती गावांत या समितीची बैठक झाल्याचे आपल्या माणसांना कळले? शिक्षक मित्रांनी आपापल्या ग्रामपंचायतीत हा एक प्रश्न लेखी विचारला, तरी पुष्कळ काही बाहेर येईल.

कचऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. शहरातला कागद, काच, प्लास्टिक पुन्हा कारखान्यात पोचवणाऱ्या या बायका अक्षरशः पर्यावरणाचे काम करतात. पण स्वच्छतेचे बक्षीस शहराला मिळते, फलक आयुक्तांच्या दालनात लागतो. बेझवाडा विल्सन यांना २०१६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो मानवी प्रतिष्ठेच्या लढ्यासाठी. तो योग्यच होता. तरी मला प्रश्न पडतो, की मैला आणि सांडपाणी हा जर पर्यावरणाचा प्रश्न आहे, तर गटारात गुदमरून मरणारा माणूस पर्यावरणाचा प्रश्न का नाही?

५

आता व्यवहाराकडे येतो. पैशाच्या मुख्य वाटा कोणत्या आणि त्यांवर अडसर कोठे आहेत, हे कार्यकर्त्याला ठाऊक असावे.

पहिली वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचा समतोल आहे आणि सामाजिक-आर्थिक दृष्ट्या मागासांची विषमता कमी करणे हेही आहे. म्हणजे दोन्ही रकाने एकाच यादीत आहेत. एकाच प्रस्तावात दोन्हींचा आधार घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. हे आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावे. अडचण दुसरीकडे आहे. संस्थेला आयकराच्या १२अ आणि ८०ग या नोंदण्या, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि २०२१ पासून कंपनी खात्याकडची वेगळी नोंदणी लागते. शिवाय कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. त्यामुळे जेथे कारखाने तेथे पैसा, आणि जेथे दुष्काळ तेथे कोरडा माळ.

दुसरी वाट परदेशी मदतीची. २०१० च्या परकीय योगदान कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. पूर्वी तालुक्याच्या गावातली लहान दलित संस्था मोठ्या संस्थेमार्फत थोडी रक्कम मिळवून काम करी. ती वाट बंद झाली. स्वतःची नोंदणी मागायची तर तीन वर्षांत किमान पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे पैसा मिळायला आधी पैसा हवा. हा नियम जातीचे नाव घेत नाही. पण तो कोणाला बाहेर ठेवतो, ते सांगायला फार अभ्यास लागत नाही.

तिसरी वाट आंतरराष्ट्रीय लघु अनुदानांची. जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. तो स्थानिक आणि समाजाधारित संस्थांना लहान रकमांची मदत करतो, आणि काही देशांत लेखी प्रस्तावाऐवजी लोकांनी स्वतः केलेली चित्रफीतही त्याने स्वीकारली आहे. इंग्रजीची भिंत पाडण्याचा हा एक मार्ग आहे. मराठीत प्रस्ताव स्वीकारा, ही मागणी आपण प्रत्येक देणगीदाराकडे केली पाहिजे.

पुरस्कारांचे दरवाजेही सारखे नसतात. गोल्डमन पुरस्कारासाठी थेट अर्जच करता येत नाही. गुप्त नामनिर्देशनातून निवड होते, म्हणजे नामनिर्देशन करणाऱ्यांच्या वर्तुळात तुमची ओळख असावी लागते. राइट लाइव्हलीहूड पुरस्कारासाठी कोणीही दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो, फक्त स्वतःचे नाही. १९९१ साली तो नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळाला आणि २००६ साली दलित स्त्रियांच्या समतेसाठी लढणाऱ्या रूथ मनोरमा यांना. आपल्या चळवळीतल्या योग्य माणसांची नावे आपणच पाठवायची सवय लावली, तर हा दरवाजा बंद नाही.

चौथी वाट राज्य शासनाची, आणि तेथे रकान्यांचे भांडण उघड दिसते. २००४ ची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्यासाठी निघाली. २०१७ पासूनच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला नव्या विहिरीसाठी अनुदान ठेवले, पण त्यासाठी किमान चाळीस गुंठे जमीन हवी. जमीन देणे आणि विहीर देणे यापेक्षा शाश्वत विकास दुसरा कोणता? तरीही या योजनांना कोणी पर्यावरणाच्या योजना म्हणत नाही, आणि पाणलोटाच्या आराखड्यात त्यांचा उल्लेख नसतो. दलिताची विहीर कल्याणाच्या खात्यात आणि पाटलाची विहीर जलसंधारणाच्या खात्यात, अशी ही विभागणी आहे.

६

यावर दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, झाडाला आणि पाण्याला जात नसते. झाडाला नसते, हे खरे; पण पाणवठ्याला होती आणि पुष्कळ ठिकाणी आहे. बाबा आढावांना १९७२ च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली, ती पाण्याला जात लावणारी माणसे होती म्हणूनच. दुष्काळ साऱ्या गावावर एकच होता, विहिरी मात्र वेगळ्या होत्या.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो. अनुदानाने कार्यकर्ता नोकर बनतो, लढा ‘प्रकल्प’ बनतो, म्हणून या पैशाला शिवूच नये. या भीतीत तथ्य आहे. मोर्चाला जाणारा तरुण तिमाही अहवालाच्या मुदतीला बांधला गेल्याची उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण सार्वजनिक पैशावर आणि कायद्याने बाजूला काढलेल्या नफ्यावर आपला हक्क नाही, असे आपण म्हणायचे काय? पैसा नाकारून तो गावातल्या उतरंडीच्या माथ्यावरच ठेवायचा, यात क्रांती कोणती? हवी आहे ती अट बदलण्याची ताकद.

ही ताकद येते कोठून, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि तेलंगण एकाच छत्राखाली होते. त्या तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिचा कणा म्हणजे दलित स्त्रियांचे संघम. हलक्या, पडीक जमिनींवर या स्त्रियांनी ज्वारी, बाजरी, राळे, कडधान्ये एकत्र पेरली, बी घरात राखले, स्वतःची धान्यव्यवस्था उभी केली. २००८ साली त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जमीन, बियाणे आणि स्वतःचा आवाज; पुरस्कार त्यानंतर पस्तीस वर्षांनी. पुरस्काराने त्यांना उभे केले नाही. त्या उभ्या होत्या म्हणून पुरस्काराला त्यांच्यापर्यंत यावे लागले.

म्हणून माझी सूचना अशी. अनुदानाचा कोणताही प्रस्ताव लिहिताना नमुन्यात जागा असो वा नसो, आपण चार गोष्टी लिहाव्यात आणि देणाऱ्यालाही विचाराव्यात. काम ज्या जमिनीवर होणार, तिची मालकी आणि वहिवाट कोणाची, हे जातवार मांडावे. बिनमोल श्रमाची अट असेल तर भूमिहीनाला त्यातून सूट किंवा पुरी मजुरी मिळावी. वाढलेल्या पाण्यात, गवतात आणि लाकडात भूमिहीन व स्त्रिया यांचा वाटा ठरावात आकड्याने लिहिलेला असावा. आणि ज्या वस्तीचे नाव प्रस्तावात आहे, त्या वस्तीची माणसे निर्णयाच्या समितीत असावीत. सहीपुरती नव्हे, पैशाच्या धनादेशावर सही करण्यापुरती. पुरस्कार देणाऱ्या समित्यांनीही गावाची पाहणी करताना डोंगरावर जाण्यापूर्वी दलित वस्तीच्या नळावर जाऊन यावे. जेथे आजही पाणी वेगळे आहे, त्या गावाला पर्यावरणाचा पुरस्कार देऊ नये. एवढा एक नियम पाळला, तरी कित्येक फलक भिंतीवरून उतरतील.

विद्यार्थ्यांसाठीही येथे काम आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका पुरस्कारप्राप्त गावाची निवड करा. पुरस्कारापूर्वी आणि नंतर विहिरी कोणाच्या वाढल्या, शेळ्या कोणाच्या विकल्या गेल्या, मजुरीचे दिवस वाढले की घटले, याची घरोघर जाऊन नोंद करा. मानपत्र एका बाजूला आणि ही नोंद दुसऱ्या बाजूला ठेवून वाचा. अशा पंचवीस गावांच्या नोंदी जमल्या, तर आपल्याला कोणाच्या कथेवर अवलंबून राहावे लागणार नाही.

मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तो मानला होता. कागद पुरा होता, पण तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, हजारो माणसे चालत गेली तेव्हा. आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १९३७ मध्ये. निसर्गाची साधनसंपत्ती सर्वांची आहे, हे तत्त्व या देशात प्रत्यक्ष कृतीने मांडणारी ती घटना होती. पर्यावरणाच्या इतिहासात तिला पहिले पान मिळायला हवे. अनुदानाचा अर्ज भरताना आपण या इतिहासाचे वारस आहोत, हे विसरू नये. अर्जदार म्हणून नमुन्याच्या रकान्यांत मावण्याची धडपड आपण पुष्कळ केली. आता नमुना बदलून मागायचा आहे.